भुताला कारण हवं, आणि ते इतिहासातलं हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांचं पान असतं ते मी नेमाने वाचते, त्यात ऐतिहासिक कादंबऱ्यांची परीक्षणंही येतात, लढाया, किल्ले, दरबार, राजकारण असलं काही असेल तर अर्धं पान सहज मिळतं. पण ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये प्रेमकथा आहे आणि त्याच्या जोडीला वाड्यातलं भूत, शाप, पिशाच्च, तळघरातली काहीतरी अघोरी गोष्ट असं आहे त्यांच्याबद्दल तुमच्या पानावर मी आजवर एक ओळही बघितलेली नाही. मी तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, शासनमान्य, ब वर्ग, त्यामुळे कोण काय वाचतं हे माझ्यासमोर रजिस्टरमध्ये रोज लिहिलं जातं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय. लोक ज्या पुस्तकांसाठी नंबर लावतात त्यांच्याबद्दल कोणी गंभीरपणे बोलतच नाही, मग त्यातलं चांगलं कुठलं आणि भरताड कुठलं हे वाचकांनी ठरवायचं तरी कसं?

आणि हे वाचणारे म्हणजे फक्त कॉलेजच्या मुली असा समज असेल तर तो आधी काढून टाका. आमच्याकडे निवृत्त हेडमास्तर आहेत, एसटीतले कंडक्टर आहेत, दुपारी जेवणं आटपून येणाऱ्या बायका आहेत, सगळे हेच मागतात, "जुन्या काळातलं द्या, वाड्याबिड्याचं, थोडं भीतीचं पण चालेल." आमच्याकडे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची एक जुनी प्रत आहे, किती वेळा बाइंडिंग झालंय त्याची गणती नाही, पानं पिवळी पडून कडा तुटायला आल्यात, तिच्यात एका पानाच्या समासात कोणीतरी बारीक पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "रात्री वाचू नये." त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईने, "मी वाचले. काही होत नाही." आणि त्याच्याही खाली तिसरं अक्षर, "होते." तीन वाचक, मधे किती वर्षं गेली असतील देव जाणे, आणि ते एकमेकांशी बोलतायत. पुस्तकात लिहू नका असं मी सगळ्यांना बजावते पण ते पान मी कधी खोडलं नाही आणि खोडणारही नाही.

आता मुद्द्यावर येते. ह्या प्रकाराला आपले समीक्षक परकं समजतात, इंग्लिशवरून उचललेलं, सिरीयलवाल्यांनी आणलेलं फॅड वगैरे. अहो मराठी कादंबरीचा जन्मच ह्या घरात झालाय! १८६१ ची 'मुक्तामाला' घ्या, १८६८ ची 'मंजुघोषा' घ्या, राजे, राजकन्या, ताटातूट, कैद, अद्भुत योगायोग ह्यांच्यावरच त्या उभ्या आहेत. त्याच्याही आधी १८३० मध्ये वेताळपंचविशी मराठीत छापून आली होती, म्हणजे छापखाना नीट रुळायच्या आत वेताळ झाडावरून उतरून पुस्तकात बसला होता. मग १८७१ ला गुंजीकरांची 'मोचनगड' आली, तिला आपण पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणतो, आणि तिथून हळूहळू इतिहास एका बाजूला आणि अद्भुत दुसऱ्या बाजूला अशी वाटणी सुरू झाली. त्या काळात इंग्लंडातल्या रेनॉल्ड्स नावाच्या लेखकाचं इथे अक्षरशः वेड होतं, लांडग्याचं रूप घेणारा माणूस, फ्लॉरेन्स शहर, प्रेम, खून, सैतानाशी सौदा असलं सगळं तो लिहायचा, इंग्लंडातल्या मोठ्या लोकांनी त्याला कधी मोठं मानलं नाही पण आपल्याकडे त्याची भाषांतरं, रूपांतरं धडाधड होत होती. हरिभाऊ आपट्यांसारखा माणूस, त्यांनीसुद्धा १८८५ ची पहिली कादंबरी रेनॉल्ड्सच्या आधारानेच लिहिली, आणि पुढे मराठी ऐतिहासिक कादंबरी खऱ्या अर्थाने उभी केली ती त्याच हरिभाऊंनी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी, ज्यांनी कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट केली, त्यांनीसुद्धा १९०२ मध्ये कादंबरीवर मोठा निबंध लिहिला तेव्हा अद्भुत कादंबरीचा विचार नीट मनावर घेऊनच लिहिला, टाइमपास म्हणून बाजूला टाकला नाही. मग आपण कोण एवढे शहाणे?

बाहेरचं म्हणाल तर हा प्रकार १७६४ पासूनचा. हॉरेस वॉलपोलने ओट्रांटोच्या किल्ल्याची गोष्ट लिहिली तेव्हा त्याने स्वतःचं नावही घातलं नव्हतं, एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेलं इटालियन बाड आहे अशी बतावणी केली होती. पुस्तक चाललं तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं की मीच लिहिलंय. हे सांगायचं कारण असं की आज आपल्याकडेही कव्हरवर "सत्य घटनेवर आधारित", "अप्रकाशित कागदपत्रांतून" असं बिनधास्त छापतात आणि आत एका कागदाचाही पत्ता नसतो, आणि वॉलपोलने निदान वर्षभरात खरं सांगितलं, इथे दहावी आवृत्ती आली तरी कोणी सांगत नाही.

पण मला ह्या सगळ्यात जे पुस्तक सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते एमिली ब्रॉंटेचं 'वदरिंग हाइट्स', १८४७ चं. ते छापलं गेलं १८४७ ला पण गोष्ट आधीच्या शतकातली, म्हणजे तिच्यासाठीसुद्धा ती ऐतिहासिकच. त्यात बर्फाच्या रात्री एक पाहुणा मुक्कामाला असतो, खिडकीची काच फुटते आणि बाहेरून एक गार लहान हात त्याचा हात धरतो, मला आत घे म्हणून रडतो, आणि हा घाबरून तो मनगटापाशी फुटक्या काचेवर घासतो, रक्त येईपर्यंत. भूत भयंकर की तो माणूस भयंकर हेच कळत नाही. आणि पुढे वाचत गेलं की कळतं की ह्या भुतामागे नुसतं प्रेम नाहीये, त्यामागे घर कोणाचं, गहाण कोणाकडे, मुलीच्या लग्नामुळे जमीन कोणाच्या नावावर जाते असा सगळा व्यवहार आहे. हीथक्लिफ सूड घेतो तो तलवारीने नाही घेत, गहाणखताने घेतो, आधी एक घर आणि मग मुलाचं जबरदस्तीने लग्न लावून दुसरं. आपल्या कुठल्याही गावात भाऊबंदकीत अडकलेला वाडा बघा, हे सगळं ओळखीचं वाटेल.

दुसरं टोनी मॉरिसनचं 'बिलव्हेड', १९८७ चं. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचं. मार्गारेट गार्नर नावाची एक बाई १८५६ मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली आणि पकडायला माणसं आल्यावर पोरीला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिने स्वतःच्या हाताने पोरीला मारलं. ही खरी घटना, पेपरात आलेली. मॉरिसनने त्यावरून गोष्ट बांधली, १८७३ चं साल धरलं, आणि ती मेलेली पोर तरुण बाई होऊन घरी परत येते. त्यात प्रेमकथाही आहे, दोन थकलेल्या, पोळलेल्या माणसांची, आणि ते प्रेम टिकायचं तर आधी घरातल्या त्या भुताचं काहीतरी करावं लागतं. मला वाटतं भूत असं असावं, म्हणजे काढून टाकलं तर कादंबरीच कोसळली पाहिजे.

आपल्याकडच्या आत्ताच्या बऱ्याच कादंबऱ्यांत नेमकं हेच नसतं. फोडणीत हिंग टाकावा तसं चिमूटभर भूत टाकतात. वाडा पेशवेकालीन, नायिका आत्ताची किंवा तेव्हाची, आरशात पांढरी साडी, घुंगरांचा आवाज, आणि शेवटी कळतं की कोणी एक नर्तकी होती आणि तिला भिंतीत चिणलं होतं. कोणी चिणलं, का, कुठल्या साली, तिचं गाव कुठलं, तिला पगार किती होता, तिच्या मागे कोण रडलं, काही नाही. नर्तकी दिसली की भिंतीत चिणा, एवढंच. अशी नर्तकी भिंतीत चिणलेली मी किती कादंबऱ्यांत वाचली असेल, आणि एकीचंही नाव लक्षात नाही.

आणि इथे तर खऱ्या इतिहासात असला माल पडलाय की नवीन काही रचायची गरज नाही. नारायणरावांचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपारी गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत काकांच्या महालात गेला आणि त्यांना मिठी मारली. "काका मला वाचवा" हे सगळ्यांना पाठ आहे, यूट्यूबवर रात्री शनिवारवाड्याबाहेर उभे राहून व्हिडिओ करणारी पोरंपण तेवढंच सांगतात. पण चापाजी टिळेकर कोणाला माहितीय? पेशव्यांचा सेवक होता, तो नारायणरावांच्या अंगावर पडला, ढाल झाला, आणि त्यांच्याबरोबर तोही तुकडे होऊन मेला. त्याचं घर कुठे होतं, त्याची बायको त्या संध्याकाळी काय ऐकत होती, त्याच्या नावाने कोणाला किंचाळी ऐकू आल्याचं मी तरी आजवर ऐकलं नाही, का? भुतंसुद्धा मोठ्या घरातलीच का? ज्या लेखकाला हा प्रश्न पडेल त्याची कादंबरी मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

बरं, पुढचं बघा. नारायणरावांचं पिशाच्च दुसऱ्या बाजीरावाच्या मागे लागलं होतं असं सांगतात, त्याची शांत व्हावी म्हणून त्याने ब्राह्मणभोजनं घातली, पुण्याच्या आजूबाजूला आंब्याची हजारो झाडं लावली अशी गोष्ट आहे. आता हा बाजीराव म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा, जन्म १७७५ चा. म्हणजे खून झाला तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता! आईबापांच्या माथी मारलेलं पाप पोराच्या उशाशी येऊन बसलं, आणि तो आमराया लावत सुटला. ह्यापेक्षा जास्त अंगावर येणारी गोष्ट कुठला लेखक स्वतःच्या डोक्यातून काढणार आहे? आणि मधे सवाई माधवराव, बापाचा खून झाला तेव्हा आईच्या पोटात, ज्या वाड्यात बाप कापला गेला त्याच वाड्यात वाढला, आणि १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच वाड्याच्या गच्चीवरून खाली पडला की त्याने उडी घेतली ह्याच्यावर अजून वाद चाललाय. एकविशीतला मुलगा. त्याची बायको यशोदाबाई अजून लहान मुलगी. एकाच वाड्याने आधी बाप गिळला आणि मग पोर, आणि मग १८२८ मध्ये तो वाडाच जळाला, आठवडाभर आग धुमसत होती म्हणतात.

पण मला सगळ्यात जास्त वाटतं ते पार्वतीबाईंबद्दल. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. त्या पानिपतावर होत्या, १४ जानेवारी १७६१ ला लाख माणूस मातीत गेलं त्यातून त्या जिवंत परत आल्या, नवरा आला नाही. भाऊंचा म्हणून जो देह सापडला त्याला शीर नव्हतं, शीर वेगळं, नंतर मिळालं असं शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय. म्हणजे खात्री करायला चेहराच नाही. पार्वतीबाईंनी भाऊ गेले हे मान्यच केलं नाही, शेवटपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या, कुंकू लावून. आणि मग काही वर्षांनी एक माणूस उभा राहतो आणि म्हणतो मीच भाऊ. तोतया. त्याला धरतात, कोकणात कैदेत ठेवतात, तो सुटतो, किल्लेच्या किल्ले त्याला येऊन मिळतात, हजारो माणसं त्याच्यामागे जातात, का तर लोकांना भाऊ परत यायला हवे होते. १७७६ मध्ये त्याला पुण्यात ठार मारलं. आता जरा त्या बाईच्या जागी बसून बघा, रोज सकाळी आरशासमोर कुंकवाचं बोट कपाळाला लावताना तिच्या मनात काय येत असेल. बाहेर कोणी सांगतंय तुमचा नवरा आलाय. कारभारी सांगतायत तो तोतया आहे. नवरा मेला असेल तर कुंकू लावणं अशुभ, जिवंत असेल तर आत्ता ज्याला मारतायत तो कोण? ह्यात भूत आहे की नाही? माझ्या मते मराठी इतिहासात ह्याच्याइतकी प्रेमाची आणि भीतीची गोष्ट दुसरी नाही, ह्यावर राजकारणाच्या अंगाने लिहिलं गेलंय, पण त्या बाईच्या खोलीत शिरून, तिच्या रात्रीबद्दल लिहिलेली कादंबरी मी शोधतेय आणि मला अजून मिळालेली नाही.

पाबळचंही तसंच. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला नर्मदेकाठी गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानी गेली, कशी गेली ह्याचा खात्रीचा कागद नाही, कोणी म्हणतं विष घेतलं, कोणी काय. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. तिच्यावर प्रेमकथा खूप झाल्या, नाचगाणी झाली, पण तिच्या मरणाभोवती जो अंधार आहे त्यात कोणी उतरत नाही. तिचा मुलगा समशेर बहादूर, तो पानिपतावर लढला आणि जखमांनी गेला. आईचं मरण त्याने लहानपणी बघितलं असणार किंवा बघू दिलं नसेल, दोन्ही भयंकरच.

आता माझी खरी तक्रार. आपल्या ह्या कादंबऱ्यांमध्ये काळं, अघोरी जे काही असेल ते जवळजवळ नेहमी बाईच्या गळ्यात बांधलेलं असतं. आनंदीबाई म्हटलं की ध चा मा, आणि तिथून पुढे लेखक तिला थेट चेटकीण करून टाकतात, लिंबू, बाहुल्या, टाचण्या, मध्यरात्रीची पूजा. त्या "ध चा मा"ला समकालीन कागदाचा पक्का आधार नाही हे अभ्यासक सांगून थकले, रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबादादांना आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यांनाच, पण कादंबरीत मात्र दादा बिचारे भोळे आणि बाई विषारी. हे मला नुसतं चुकीचं वाटत नाही, मला ते धोक्याचं वाटतं, कारण आपल्याच राज्यात आजही काही भागांत एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावातून हाकलतात, जीवही घेतात. त्यासाठी २०१३ ला कायदा करावा लागला, आणि तो यायला डॉ. दाभोलकरांचा जीव जावा लागला. अशा ठिकाणी राहून आपण एका खऱ्या, इतिहासातल्या बाईला पुराव्याशिवाय चेटकीण म्हणून छापतो आणि त्यावर परीक्षण नाही, आक्षेप नाही, काही नाही.

ह्यावरून लगेच कोणी म्हणेल की मग भुताच्या कादंबऱ्याच बंद करा, अंधश्रद्धा वाढते. आमच्या वाचनालयाच्या मीटिंगमध्येही हा विषय निघालेला, एका सभासदांनी असली पुस्तकं घेऊच नयेत असं सांगितलं. मला ते पटत नाही आणि मी तेव्हाही सांगितलं. कायदा आहे तो भोंदूगिरीविरुद्ध, माणसाला लुबाडणाऱ्या, छळणाऱ्याविरुद्ध. गोष्ट वाचून घाबरलेला माणूस पुस्तक मिटवून दिवा लावतो आणि झोपतो, मांत्रिकाकडे जात नाही. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी दोन-तीन पिढ्यांना घाबरवलं, त्यातले कितीतरी वाचक पुढे चांगले विवेकवादी कार्यकर्ते झालेले मी बघितलेत.

उलट मी तर म्हणते की ऐतिहासिक कादंबरीतून भुतं काढून टाकणं हीच इतिहासाशी लबाडी आहे. त्या काळचा माणूस शकुन बघून घराबाहेर पडत होता, नवस बोलत होता, दृष्टांतावर निर्णय घेत होता. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या भेटीआधी आई भवानीने महाराजांना दर्शन दिल्याचं आहे, आणि लिहिणारा ते घडलेली गोष्ट म्हणून लिहितोय. आपल्या कादंबऱ्यांतले सरदार मात्र असे वागतात जणू विज्ञान शाखेतून पास होऊन आलेत, पिंपळाखालून रात्री घोडा काढताना एकाच्याही पोटात गोळा येत नाही. भूत खरं होतं का हा प्रश्न बाजूला ठेवा, भीती तर खरी होती ना, आणि भीतीमुळे माणसांनी जे केलं ते तर इतिहासच आहे.

आणि आपली भुतं बघा तरी, प्रत्येकाची जन्मकथा आपल्या समाजातच आहे. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आधी गेला तो मुंजा, पिंपळावर. धनावर जीव ठेवून गेला तो समंध, गाडलेल्या हंड्यावर बसलेला. सवाष्ण गेली आणि मागे सवत आली तर जखीण, ती नव्या बायकोला त्रास देणार म्हणून तिच्या नावाचा टाक करून गळ्यात घालायचा. बाळंतपणात गेली तर हडळ. रानात वाट चुकवणारा चकवा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, आणि कोकण गोव्यात देवचार, जो गावाची राखण करतो, त्याच्यासाठी लोक वाटेवर चपला, काठी, घोंगडी ठेवतात. सवतीच्या टाकाचंच घ्या. नवी नवरी घरात येते, तिच्या गळ्यात मेलेल्या बाईचा चांदीचा टाक, झोपतानासुद्धा तो अंगावर, नवरा जवळ आला की तो टाक दोघांच्या मधे. एवढी एक गोष्ट घेऊन अठराव्या शतकातलं अख्खं लग्न लिहिता येईल, प्रेमही त्यातच आणि भीतीही त्यातच. पण आपले लेखक त्याऐवजी पांढरा गाऊन घातलेली बाई आणतात, ते पण सदाशिव पेठेतल्या वाड्यात.

२०१८ चा 'तुंबाड' सिनेमा आठवा. कोकणातला वाडा, पाऊस, इंग्रजांचा काळ, आपलीच माणसं, आणि तो आला हिंदीत. २०२४ ला पुन्हा थिएटरला लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे लोकांना हे हवंय, आपल्या मातीतलं हवंय, पण ते मराठीत लिहायला आणि छापायला आपणच बिचकतोय.

प्रेमाबद्दलही एक सांगायचंय, मग थांबते. थोरले माधवराव आणि रमाबाई. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने माधवराव गेले, सत्तावीस वर्षांचे, आणि रमाबाई सती गेल्या. ह्याच्यावर आपण पिढ्यानपिढ्या रडत आलोय, मीही रडलेय, फार सुंदर लिहिलं गेलंय त्यांच्यावर. पण वय वाढलं तसं मला असं वाटायला लागलं की चितेजवळ गेल्यावर त्या कोवळ्या वयाच्या बाईला काय वाटलं असेल ह्यावर आपण पडदाच टाकलाय, सगळं इतकं मंगल, इतकं केशरी करून ठेवलंय की आगीची धगच लागत नाही. तिचं प्रेम खरं होतं हे मी मानते. पण तिला भीती वाटली असेल हेही मानायला नको का? एखाद्या लेखकाने तिला थेऊरच्या नदीकाठी बोलतं केलं, भूत म्हणून का होईना, आणि तिने सांगितलं की मला काय वाटलं होतं, तर तो रमाबाईंचा अपमान होणार नाही. मला वाटतं इतक्या वर्षांनी कोणीतरी तिचं ऐकून घेतलं असं होईल. अशी गोष्ट वाचताना जी भीती वाटेल ती वाचकाला चांगली करेल.

तर संपादक महाशय, माझी मागणी साधी आहे. पुस्तकांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी ह्या कादंबऱ्यांना जागा द्या, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला सांगा की नुसतं "मनोरंजक आहे" असं लिहून सुटू नका. साल कुठलं धरलंय, त्या सालात त्या गोष्टी होत्या का, भूत कोणाचं आहे आणि ते का आलंय, खऱ्या माणसावर, खास करून खऱ्या बाईवर, विनापुरावा काही लादलंय का, प्रेम त्या काळातलं आहे की आत्ताच्या सिरीयलमधलं, हे तपासून लिहा. वाईट असेल तर वाईट म्हणा, आम्हाला राग नाही येणार. इतिहास संशोधन करणारे एक-दोन जण आणि लोककथा गोळा करणारं एखादं माणूस ह्यांच्याकडून आलटून पालटून लिहून घेता आलं तर फारच उत्तम.

आणि प्रकाशक मंडळी तुमचा पेपर वाचत असतीलच, त्यांना एक विनंती. पार्वतीबाईंवर, पाबळवर, चापाजी टिळेकरांच्या घरावर, सवतीच्या टाकावर कोणी असं काही लिहिलं असेल, नवीन लेखक असला तरी चालेल, तर वाचनालयांना आवर्जून कळवा. अनुदानातली आमची ग्रंथखरेदी मार्चच्या आत उरकावी लागते, यादी जानेवारीत तयार होते, त्याच्या आधी कळलं तर मी स्वतः ती नावं यादीत सगळ्यात वर घालीन.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. सातारा